खालून बघणारा

उद्या सकाळी शर्यत. सारंगखेड्याच्या रानात
शेकोट्या पेटल्यात, तापीवरून गारठा वर चढतोय,
आणि जो येतो तो मलाच विचारतो,
"चाचा, तुले काय वाटस, कोन जिकी?"

लोक घोडा वरून बघतात.
कानांची टोकं जुळतात का, भोवरा कुठे पडलाय,
देवमण आहे की नाही, आयाळीला तेल किती.
मी एकतीस वर्षं घोडा खालून बघतोय,
त्याचा पाय दोन गुडघ्यांत धरून.
तिथून कुठलंच जनावर उमदं दिसत नाही.
चार खूर दिसतात,
आणि एक शेपूट, जी तोंडावर बसते.

तर ऐका.

भटेसिंग गिरासेंचा नुकरा. फोटोवाल्यांचा लाडका.
खूर पांढरा, खिळा लोण्यात जावा तसा जातो.
पहिली पाचशे पावलं त्याचीच.
पुढे बाभळीपाशी जमीन कडक आहे.

नरोत्तमशेठची काठेवाडी घोडी, सुरंग.
खाते कमी, बघते जास्त.
नाल मारताना पाय तिनेच उचलून दिला.
असं जनावर हरलं तरी
हरल्यासारखं दिसत नाही.

मग अमळनेरची बिजली. वरातीची घोडी हो!
तीनशे नवरदेव वाहिलेत,
त्यातले किती घाबरून अयाळ धरून बसले, तिलाच ठाऊक.
पाय लोखंडाचे, दम इंजिनाचा,
पण ताशा कानावर पडला की जागच्या जागी नाचते.
उद्या पाहुण्यांच्या स्वागताला बँड आहे.
बँडवाल्याचं पोट बिघडलं, तर खुशाल लावा तिच्यावर.

उखाचं अबलख तट्टू तोरणमाळहून चालत आलंय,
बिननालाचं.
खूर उचलून पाहिला, खाली ठेवला,
पैसे घेतले नाहीत.
त्या खुराला माझी गरज नव्हती.
थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मुश्की.
दोंडाईच्यापासून शिरप्यापर्यंत सगळा पैसा त्याच्यावर.
चहाच्या तंबूत त्याचं नाव घेताना
माणसं आवाज खाली आणतात.
मीही काल त्याचं पाऊल मांडीवर घेतलं, पुढचं, डावं,
आणि हात तिथेच थांबला.
खूर कोमट होता.
ऊन उतरल्यावर दगड राहतो, तेवढाच.
मालकाकडे पाहिलं. त्याने पाचशेची नोट
माझ्या खिशात सारली, वर बोटाने दाबली.
"नाल बसली ना? मग झालं."

नोट अजून खिशात आहे.
मोडली नाही. परतही केली नाही.

मी पैज लावत नाही.
बापाने एकदाच लावली होती, या याच रानात,
पैसे नव्हते म्हणून ऐरण लावली.
मी ज्या ऐरणीवर नाल वळवतो
ती शहाद्याच्या लोहाराची आहे, भाड्याची.

मध्यरात्री उठलो. पौर्णिमेला दोन दिवस होते,
पण घोड्यांच्या पाठी ओळखू येत होत्या.
मुश्कीच्या पायथ्याशी त्याचा स्वार झोपला होता,
धडगावकडचा रेमसिंग, मिसरूड न फुटलेला,
गोधडीत लगाम घेऊन.
त्याला हलवलं. बोललो काही नाही.
त्याचा पंजा धरला, उजव्या खुरावर ठेवला. गार.
मग डाव्यावर.
पोरगा तसाच बसला, हात न काढता.
घोड्याने मान वळवून आम्हा दोघांना हुंगलं
आणि जोरात श्वास सोडला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
"सांगू का कोणाला?"

मी पिशवी बांधत होतो,
हातोडी, कानस, उरलेले खिळे.
रोज एका झटक्यात बसणारी गाठ
आज बसत नव्हती.